अंदाजे चारशे

त्यांना सगळे 'अंदाजे' म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते वहीतच राहिलं. कागदाच्या थप्पीचा कोपरा जरा वाकवायचे, पंख्यासारखा उलगडायचे, त्यावरून उजव्या हाताची तीन बोटं सरसर फिरवायचे आणि छताकडे बघत म्हणायचे, "अंदाजे चारशे ब्याण्णव." घ्या मोजून. चारशे ब्याण्णवच. एक्क्याण्णव नाही, त्र्याण्णव नाही.

"मग अंदाजे कशाला म्हणता, मामा?" मी एकदा विचारलं.

"माणसानं थोडी जागा ठेवावी गं. छातीठोक बोलणाऱ्यांची तोंडं बघवत नाहीत मला."

हा टोमणा मला होता हे कळायला मला दोन दिवस लागले.

मामा म्हणजे माझे सख्खे कुणी नव्हेत. मी त्या बाइंडिंगखान्यात शिलाईच्या टेबलावर होते. वय एकोणीस, तोंड एकोणचाळीसचं. शाळा सातवीत सुटली होती. पुढचं मी शिकले ते खराब निघालेल्या फर्म्यांवर. फर्मा म्हणजे छापलेला मोठा ताव, घड्या घातल्या की त्याची सोळा पानं होतात. ज्याची शाई पसरली तो फर्मा माझा. त्यामुळे जगातल्या पुष्कळ गोष्टी मला पान सतरा ते पान बत्तीस एवढ्याच माहीत आहेत. आजही सभेत कुणी मला अर्धवट म्हटलं की राग येतो, पण तो खोटं बोलत नसतो.

खोली लांबट होती. दाराशी घडीचं टेबल, मग आमचं शिलाईचं, मग पुठ्ठेवाल्याचं, त्याच्या शेजारी खळीचं पातेलं आणि त्या खळीचा आंबूस वास. शेवटी, उजेडाच्या खिडकीखाली, कटिंग मशीन. ते मामांचं. हातभर लांब पातं, त्याच्याआधी कागदावर उतरणारा लोखंडी दाब, आणि पुढे दोन बटणं, दोन्ही बाजूंना, हातभर अंतरावर. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच पातं खाली यायचं. ज्यानं ते मशीन बनवलं तो शहाणा माणूस होता. हात बटणांवर असतील तर पात्याखाली कसे असतील?

पण शहाण्याचं मशीन आमच्यासारख्या दीडशहाण्यांच्या हाती. कापताना एक हात मोकळा असला की थप्पी सरळ करता येते, कामाला वेग येतो. म्हणून उजव्या बटणात पाचर. पुठ्ठ्याचे तीन थर चिकटवून अंगठ्याएवढा तुकडा करायचा आणि बटण दाबून फटीत ठोकायचा. मग डाव्या हातानं पातं पाडा आणि उजवा मोकळा ठेवा. गल्लीतल्या सगळ्या बाइंडिंगखान्यांत हीच पद्धत होती. मालक बघून न बघितल्यासारखं करायचे, आणि आम्हाला त्यात मर्दुमकी वाटायची. जुनी पाचर झिजली तेव्हा मामा म्हणाले, "ए ठिणगे, तुझ्या हाताला नेमकेपणा आहे. एक कापून दे बघू." रागीट म्हणून मी ठिणगी. मी कौतुकानं फुगले आणि कापून दिली. घट्ट बसली. मी लिहिते आहे ते हे सगळं कबूल करून.

सकाळचे साडेदहा झाले असतील. पात्याचा आवाज रोजचाच आला. पाठोपाठ कातरण पडल्याची सळसळही आली. मग मामा म्हणाले, "अरेच्चा."

एवढंच. एखादा फर्मा उलटा लागल्यावर म्हणतात तसं.

मी वळले तेव्हा त्यांनी उजवा हात सदऱ्याच्या पुढच्या टोकात गुंडाळून छातीशी धरला होता आणि सदरा लाल होत चालला होता. पुठ्ठेवाला खळीचं पातेलं घेऊन धावला. चिकटवायचं म्हटल्यावर त्या बापड्याला दुसरं काय आठवणार? मालकानं मोठ्या रुग्णालयाला फोन लावला आणि तिकडून सांगतील ते मोठ्यानं आम्हाला सांगू लागला. "बोटं शोधा! स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा! पिशवीत घाला, पिशवी बर्फावर! बर्फ बोटाला लागू देऊ नका! किती, किती गेली विचारतायत?"

"दोन," मामा म्हणाले. चेहरा कागदासारखा, पण आवाज पक्का.

त्या दिवशी 'अंदाजे' म्हणाले नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मी कातरणीच्या ढिगात हात घातले. पांढऱ्या पट्ट्यांच्या त्या गुंत्यात एक सापडलं, दुसरं सापडलं. तर्जनी आणि मधलं. हलकी होती, अजून कोमट होती. मी ती गुंडाळली, बर्फवाल्याकडून बर्फ आला, मालाच्या गाडीत मामांना बसवलं आणि निघालो. तिसऱ्यांदा त्या ढिगात कुणी बघितलं नाही. मामांनी सांगितलेला आकडा परत मोजायची त्या खोलीत पद्धतच नव्हती.

रुग्णालयात तुटलेले हात जोडणाऱ्या डॉक्टर एक बाई होत्या. बुटक्या, चष्म्याच्या, आवाज खर्जातला. त्यांनी कापड सोडलं, हाताकडे बघितलं, माझ्या पिशवीकडे बघितलं आणि विचारलं, "तिसरं कुठंय?"

"दोनच आहेत," मी म्हटलं, आणि वर जोरात म्हटलं. "त्यांनी स्वतः सांगितलंय."

"बाई, मला मोजता येतं. तर्जनी नाही, मधलं नाही, अनामिका नाही. मधल्या सांध्याच्या पुढे तिन्ही साफ. तिसरं आणा."

मी मामांकडे बघितलं. ते आपल्या हाताकडे बघत होते, दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तसे. "अगं, पण ते जाणवतंय की मला," ते हळूच म्हणाले. "हे बघ, हलवतोय मी ते."

मी परत धावले. मी गेल्यावर खोली झाडून घेतली होती, कातरण पोत्यात भरली होती. चार पोती. पुठ्ठेवाल्यानं आणि मी ती जमिनीवर उपडी केली आणि पट्टी पट्टी वेगळी केली. दीड तास. तिसऱ्या पोत्यात सापडलं, एका पट्टीला चिकटलेलं. पट्टीवर छापलेलं होतं 'अनुक्रमणिका'. हे मी कधी विसरणार नाही. पुठ्ठेवाला भिंतीकडे तोंड करून रडला. मला रडू आलं नाही, राग आला. आणि राग काढायला समोर कुणी नव्हतं. बटणातली पाचर तशीच होती, माझ्या हाताची, नेमकी. मी ती उपसून कमरेला खोचली आणि बोट घेऊन निघाले.

डॉक्टरबाईंनी तिसरं बोट भिंगाखाली धरलं आणि म्हणाल्या, "उशीर झालाय, पण बघू. एक बरं आहे. काप स्वच्छ आहे. चिरडलेलं असतं तर मी हातच लावला नसता. पात्याला धार कोण लावतं?"

स्ट्रेचरवरून मामा म्हणाले, "मीच. परवाच लावलीय. केस धरलात तर उभा चिरेल."

"मग तुमचे तुम्हीच आभार माना," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांना आत नेलं.

अकरा तास लागले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई व्हरांड्यात बाकावर बसून बिस्किटं खात होत्या, तेव्हा मी शेजारी जाऊन बसले. काय केलं ते त्यांनी मला नीट सांगितलं, मी अडाणी आहे असं न मानता. आधी हाड तारेनं जोडायचं, मग हलवणाऱ्या शिरा, मग रक्त आणणाऱ्या आणि नेणाऱ्या नळ्या, आणि जाणीव नेणाऱ्या नसा. सगळं मोठ्या भिंगाखाली.

"टाके घालताना दोरा कुठला?" मी विचारलं. "मी शिलाईवाली आहे. पुस्तकं शिवते."

त्या हसल्या, आणि दुपारी मला एक पाकीट आणून दाखवलं. त्यात दोरा आहे असं त्या म्हणाल्या. मला दिसला नाही. उजेडात धरल्यावर काहीतरी चमकलं.

"अहो, याला गाठ कशी मारता?"

"श्वास रोखून," त्या म्हणाल्या. "आणि चिडायचं नाही. चिडलं की हात थरथरतो."

माझ्याबद्दल त्यांना कुणी सांगितलं असणार.

पुढचे दहा दिवस मामांची खोली उबदार ठेवलेली, हात उशांवर उंच. तंबाखू बंद, चहासुद्धा बंद. बारीक नळ्या त्यानं आवळतात म्हणे. आमच्या खोलीत प्रेम दाखवायची एकच रीत होती, डबीतली चिमूट पुढे करणं. पुठ्ठेवाला भेटायला आला आणि सवयीनं त्यानं डबी काढली. नर्सनं त्याला असं फैलावर घेतलं की तो नंतर येऊन खिडकीबाहेरूनच हात हलवायचा.

नर्स तासातासाला बोटांची टोकं दाबून बघायची. दाबलं की पांढरं, सोडलं की गुलाबी. तर्जनी गुलाबी. मधलं गुलाबी. अनामिका तिसऱ्या दिवशी जांभळी पडली. रक्त जात होतं, परत येत नव्हतं. डॉक्टरबाईंनी काचेच्या बरणीतून जळवा आणवल्या. खऱ्या, वळवळणाऱ्या. साठलेलं रक्त त्या शोषून घेतात, तोवर नव्या वाटा तयार होतात. मामी, म्हणजे मामांची बायको, पदर तोंडाला लावून बघत होत्या.

"घाबरू नका," नर्स म्हणाली, "त्रास नाही होत त्यांना."

"मी कशाला घाबरू? एकवीस वर्षं यांचं रक्त पितेय असं हेच सगळ्यांना सांगत फिरतात," मामी म्हणाल्या. "आता कळू दे खरी जळू कशी असते."

मामा इतके हसले की नर्सला हात धरून ठेवावा लागला.

पण अनामिका वाचली नाही. सातव्या दिवशी ती काळी पडली आणि काढावी लागली. उशिरा सापडली म्हणून, की तिचं तसंच व्हायचं होतं म्हणून, हे डॉक्टरबाईंनाही सांगता आलं नाही. मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दोन जगली. ते धरा." आत मामा दोन्ही पंजे समोर धरून बसले होते.

"नऊ," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "अंदाजे."

घरी जाताना डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. बोट जगणं वेगळं आणि बोट कामाला येणं वेगळं. नस हळूहळू वाढते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर, तेही सगळं नीट झालं तर. स्पर्श किती येईल, येईल की नाही, आज सांगता येत नाही. थंडीत दुखेल. कदाचित कायमचं.

मामांनी त्यातलं एकच ऐकलं. एक मिलिमीटर. कटिंगवाल्याला मिलिमीटर सांगितला की झालं! घरी गेल्यावर त्यांनी पोलादी पट्टी काढली, कापापासून टोकापर्यंत तर्जनी मोजली. चाळीस मिलिमीटर. "चाळीस दिवस," ते म्हणाले. बोटावर टिचकी मारत जायचे. जिथवर मुंग्या यायच्या तिथे पेनानं रेघ. रोज सकाळी. मामी म्हणायच्या, "पोराची उंची दारावर कोरावी तसं चाललंय यांचं."

चाळीस दिवसांनी रेघ अर्ध्यावरही नव्हती. मामांनी पेन ठेवून दिलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईकडे आठवड्यातून तीनदा जायचे. ती डोळे मिटायला लावून बोटाखाली वस्तू सरकवायची: कापूस, खरखरीत कागद, बटण, नाणं. "काय आहे?" मामा म्हणायचे, "काहीतरी." एवढाच त्यांचा शब्द. ज्या माणसाला चारशे कागदांत एक कमी आहे हे कळायचं, त्याला बटण आणि नाणं वेगळं कळेना. त्या बाईनं एकदा काचेचा तुकडा ठेवला होता, कडा घासलेला. ते म्हणाले, "कापूस." बाहेर आल्यावर जिन्यात बराच वेळ उभे राहिले.

मालक वाईट माणूस नव्हता, माझं आणि त्याचं कधी पटलं नाही ही गोष्ट वेगळी. त्यानं मामांना दारावर स्टुलावर बसवलं, आल्यागेल्याची नोंद ठेवायला. डाव्या हातानं. मी भांडले. "त्यांना मोजणीच्या टेबलावर घ्या." मालक म्हणाला, "मोजणी जमली तर आज घेतो. पण नवा माणूस मोजतोय, त्याला काढून चुकणारा माणूस बसवू का? तूच सांग." मामा स्टुलावरून ऐकत होते. ते म्हणाले, "बरोबर आहे मालकांचं. मोजून घ्यावं माणसानं. मलाच माझी बोटं नीट मोजता आली नव्हती."

तेव्हापासून हे त्यांचं पालुपद झालं. मोजून घ्या. पाहुण्यांची संख्या सांगितली तरी वर म्हणायचे, मोजून घ्या.

मी काय केलं? मी पाचरी गोळा केल्या. सुट्टीच्या दिवशी गल्लीतल्या अकरा बाइंडिंगखान्यांत गेले आणि बटणांतल्या पाचरी मागितल्या. कुणी हसले, कुणी शिव्या दिल्या, मीही दिल्या. एका ठिकाणी मामांना बरोबर नेलं. त्यांनी काही भाषण केलं नाही, हात टेबलावर ठेवला. तिथली पाचर लगेच मिळाली. पुढे मला लोक कार्यकर्ती म्हणू लागले, त्याची सुरुवात ही अशी, एका डब्यात सतरा पाचरी.

आठ महिन्यांनी एका संध्याकाळी मामी शिलाईच्या टेबलाशी आल्या, धापा टाकत. "अगं, यांना आज टाचणी टोचली. टोकाला! ओरडले! शेजारी जमा झाले, मी सगळ्यांना गोड खायला घातलं." नवरा टोचून ओरडला म्हणून गोड वाटणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. मग हिवाळा आला. बोटं निळी पडायची, कळ खांद्यापर्यंत जायची. मामींनी लोकरीचा हातमोजा विणला, अनामिकेची जागा आतून शिवून टाकलेली. मामा तो घालून स्टुलावर बसायचे आणि मांडीवर जुन्या कागदांची थप्पी घेऊन, मोजा काढून, बोटं फिरवत राहायचे. काढलेला आकडा मनातच ठेवायचे. मला वाटायचं, सवय आहे, दुसरं काय.

चौदाव्या महिन्यात मोठं काम आलं. चित्रांचं पुस्तक. प्रत्येक पुस्तकात एक रंगीत ताव वेगळा चिकटवायचा, चारशे पुस्तकांचा एक गठ्ठा, तेव्हा चारशे तावांची एक थप्पी. एक ताव कमी पडला की एक पुस्तक आंधळं, असं आम्ही म्हणायचो. मोजणीवाला नेमका आजारी. मालक दारापाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काय, अंदाजे? बघता का हात चालवून? पाच थप्प्या करा. ही तपासेल. जमलं तर टेबल तुमचं. नाही जमलं तर मला परत कुणी विचारायचं नाही." हे शेवटचं माझ्याकडे बघून.

मामांनी मोजा काढून खिशात ठेवला. टेबलाशी बसले. आधी तळवे एकमेकांवर चोळले, मग कोपरा वाकवला. पूर्वी तीन बोटं धावायची, आता अंगठा आणि तर्जनी, मधलं नुसतं आधाराला. वेग पूर्वीच्या निम्मा. छताकडे बघणं मात्र तेच. पाच थप्प्या झाल्या. "अंदाजे चारशे," प्रत्येकीला म्हणाले. "मोजून घे."

मी मोजायला बसले. पहिली चारशे. दुसरी चारशे. तिसरी चारशे. माझे कान गरम झाले होते. चौथी, तीनशे अठ्ठ्याण्णव.

परत मोजली. तीनशे अठ्ठ्याण्णव.

मालक पलीकडे पुठ्ठेवाल्याशी बोलत होता. मामा माझ्याकडे पाठ करून खिडकीतून बाहेर बघत होते, आणि त्यांच्या मानेवरून मला कळत होतं की ते वाट बघतायत. मी काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे, तेव्हाही माहीत होतं. गल्लीभर 'नियम पाळा' म्हणून ओरडत फिरणारी मी. टेबलाखाली नमुन्याचे खराब ताव होते. दोन ओढले आणि थप्पीच्या मधोमध सरकवले. कडा ठोकून सारख्या केल्या.

पाचवी चारशे. "पाचही बरोबर," मी मोठ्यानं म्हटलं.

मालक आला. खूश होता, पण मालकच तो. "एक माझ्यासमोर होऊन जाऊ दे," म्हणाला, आणि पाचांतून नेमकी चौथी उचलून मामांपुढे ठेवली.

मामांनी कोपरा उलगडला. बोट फिरू लागलं. मध्यावर थांबलं. जरा मागे आलं, परत थांबलं. मग शेवटापर्यंत गेलं. त्यांनी छतावरून नजर खाली आणली आणि थेट माझ्या तोंडाकडे बघितलं.

"चारशे दोन," ते म्हणाले.

"आत्ता तर चारशे म्हणालात!" मालक.

"म्हणालो." त्यांनी थप्पी मध्यावर उघडली, तर्जनीनं एक ताव वेगळा केला, मग दुसरा, आणि बाहेर ओढले. तेच दोन. "हे खराब ताव चुकून आत आलेत. कागद जाड आहे यांचा, केसभर. आता चारशे आहेत. मोजून घ्या."

मालकानं मोजले. बोटाला थुंकी लावून, एकेक करून, आम्ही सगळे श्वास रोखून. चारशे. त्यानं दुसऱ्यांदा मोजले नाहीत. खिशातून किल्ली काढून मोजणीच्या टेबलाचा खण उघडला आणि किल्ली तिथेच ठेवून गेला.

तो लांब गेल्यावर मामा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. हातमोजा चढवत होते. बोटं निळसर झाली होती, दुखत असणार.

"तीनशे अठ्ठ्याण्णवच होते," मी पुटपुटले. "दोनदा मोजले मी."

"ताजी शाई आहे. दोन ठिकाणी जोडी चिकटली होती, मालकाच्या थुंकीनं सुटली. डोळ्याला एक दिसतो, बोटाला दोन लागतात." त्यांनी ते दोन खराब ताव घडी करून माझ्या हातात कोंबले. "आणि ठिणगे, शिवायचं काम तुझं चांगलं आहे. तेच कर. शिलाईवाल्या मोजायला बसल्या की चारशेचे चारशे दोन करतात."